भिंतीवरचा मेस्सी माळ्यावर टाकायचा का?

मंगळवारपेठकर

परवा एका बाबांनी टाकलेली पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी नाही वाचली त्यांच्यासाठी थोडक्यात, मुलगा अकरा वर्षांचा, खोलीभर मेस्सीची पोस्टरं, अर्जेंटिना हरली की जेवत नाही, सहामाहीला गणितात ८० पैकी ३१ पडले, मग बाबांनी सगळी पोस्टरं काढून माळ्यावर टाकली. आणि वर लिहिलं की चेंडूमागं पळणाऱ्या माणसांनी पोराला काय दिलं, आदर्श ठेवायचाच तर शास्त्रज्ञ ठेव, सैनिक ठेव. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा पुसलं, आता लिहितोच.

मी कोल्हापूरचा. आमच्यात टीमच्या नावातच तालीम असते, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, कारण जिथं पैलवान घुमायचे तिथनंच टीम निघाल्या. लहानपणी माझा हिरो मेस्सी नव्हता, आमच्या पेठेचा गोलकीपर होता. दिवसभर फर्निचरच्या दुकानात रंधा मारायचा आणि मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवर उभा राहायचा. मॅचच्या आधी तो बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचा, एकेक बोट वेगळं, आणि पट्टीचं टोक धरायला आम्हा पोरांत मारामारी. नऊ वर्षांचा असताना एकदा मला टोक धरायला मिळालं. त्या दिवशी त्यानं पेनल्टी अडवली. घरी जाऊन आईला सांगितलं, पट्टी मी धरलेली.

त्यानं मला काय दिलं ते सांगतो. एकदा फायनलला त्याच्या दोन पायांमधनं बॉल गेला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना बघितलं, साडेआठला दुकान उघडं, हा रंधा मारतोय, येणारं जाणारं टोमणे मारतंय आणि ह्याची मान खाली पण हात चालू. दहावीला मी गणितात गचकलो. ऑक्टोबरला परत बसायचं तर वर्गातल्या पोरांना तोंड कसं दाखवायचं म्हणून चार दिवस घराबाहेर पडलो नाही, आणि मग तो रंध्याचा आवाज आठवला आणि गेलो. तवा मला कुठला शास्त्रज्ञ आठवला नाही. त्या बाबांना एवढंच सांगायचंय, पोस्टर काढताना पोराच्या आतलं काय काय निघून येतंय ते बघा की जरा.

सदाशिव_काका

पोस्ट माझी नाही, पण पहिल्या दहा अंगठ्यांत माझा होता आणि तो मी मागे घेणार नाही. तुमचा गोलकीपर तुम्हाला शाळेच्या वाटेवर दिसत होता, हरल्यावर कसा वागतो ते डोळ्यांनी बघता आलं. मेस्सीचं काय दिसतं या पोरांना? तीस सेकंदांचे व्हिडिओ. २०१६ मध्ये स्पेनच्या कोर्टाने त्याला करचुकवेगिरीत २१ महिन्यांची शिक्षा सुनावली, तुरुंगात जावं लागलं नाही ही गोष्ट वेगळी. रोनाल्डोने २०१९ मध्ये तसल्याच प्रकरणात दोष कबूल करून पावणेदोन कोटी युरोंच्या वर दंड मान्य केला. उरुग्वेच्या सुआरेझने २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये समोरच्या खेळाडूला चावा घेतला. हे आदर्श?

आणि डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याला काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक पोरांना खांद्यावर घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमला गेले, मेस्सी आला, भोवती पुढाऱ्यांचा आणि फोटोवाल्यांचा गराडा, थोड्या वेळात गेला, मग खुर्च्या उडाल्या. माझ्या पुतण्याला एका अकादमीत घातलं होतं, ४८ हजार एका वर्षाचे आगाऊ घेतले, भिंतभर मोठमोठे फोटो, आणि चाळीस मुलांना एक कोच, तोही आठवड्यातून दोनदा. पोराला वर्षभरात डाव्या पायाने पास देता आला नाही, पण केस कसे कापायचे ते बरोबर शिकला. या हिरोंच्या नावावर दुकानं चालतात, आणि पैसे आईबापांचे जातात.

नागपूरचा_डावखुरा

काका टॅक्सचं सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही अकरा वर्षांच्या पोराबद्दल बोलून राहिले ना, मग अकरा वर्षांच्या मेस्सीचं पण बोला. त्याच वयात अर्जेंटिनातल्या रोसारिओमध्ये डॉक्टरने सांगितलं की शरीरात वाढीचं हार्मोन कमी पडतं, रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. तो रोज रात्री स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचा, आज या पायात, उद्या त्या पायात. घरच्यांना खर्च झेपेना, २००० साली तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, क्लबने उपचाराचे पैसे भरले.

हे मी इंटरनेटवर वाचून नाही मिरवत आहे. मला नवव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला. दिवसातून चार वेळा इन्शुलिन. पहिले सहा महिने मी बाथरूममध्ये दार लावून आईकडून टोचून घ्यायचो, रडायचो, वर्गात कोणाला कळू नये म्हणून डब्याच्या वेळेला घरी पळायचो. माझ्या मामाने हे मेस्सीचं सांगितलं. त्या रात्री मी पहिल्यांदा पेन स्वतः धरलं, उजवी मांडी, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी डावी. आता २१ वर्षांचा आहे, हिशोब लावा किती वेळा टोचलं असेल. तो कर भरतो की नाही हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी मला फरक पडला नसता. माझ्या भिंतीवरून पोस्टर काढलं असतं ना कोणी, तर काय झालं असतं मला सांगता येत नाही.

फातोर्डेकर

डावखुऱ्या, तुझं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पण मला काकांचं पण पटतं, कारण आमच्या घरात हे घडलंय. २२ ऑक्टोबर २०२५, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आमची एफसी गोवा आणि रोनाल्डोची सौदी टीम अल नासर यांची मॅच. महिनाभर आधी माझा भुरगा रोज विचारायचा, रोनाल्डो येणार ना. सात नंबरचा शर्ट घेतला, आजीकडून दोनशे रुपये उसने घेऊन तोंड रंगवायचे रंग आणले. आणि रोनाल्डो आलाच नाही, टीम आली, तो नाही. पोरगा गाडीत पाठमोरा बसून रडला, म्हणाला मी येत नाही आत.

ओढूनच नेला. अल नासरचे दोन गोल झाले. मग हाफटाइमच्या आधी आमच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला आणि सगळं फातोर्डा उभं, भुरगा माझ्या मानेवर बसून किंचाळतोय, रंग सगळा माझ्या केसांना. २-१ ने हरलो. घरी येताना त्याने विचारलं, ब्रायसन आपल्या गोव्याचाच ना, म्हणजे तो मला बाजारात भेटेल? मी हो म्हटलं. सात नंबरचा शर्ट आता रोज घालत नाही. माझं म्हणणं एवढंच, पोस्टर लावा, पण ज्याला हात लावता येईल असा एक तरी हिरो असू दे. आमच्या लहानपणी ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर होता, भारताचा कॅप्टन, आणि आमचे वडील त्याच्याशी रस्त्यात उभे राहून बोलायचे. पण महाराष्ट्रात हे कसं होणार, तिथे फुटबॉल आहेच कुठे.

अंधेरी_लोकल

फातोर्डेकर, सगळं छान लिहिलंत आणि शेवटच्या ओळीत माती केलीत. १७ मार्च २०१९, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, अंधेरी. समोर एफसी गोवा. एक्स्ट्रा टाइम संपत आलेला आणि कॉर्नरवर हेडर कोणी मारला? राहुल भेके. मुंबईचा मराठी पोरगा. तुमच्या टीमला हरवून बेंगळुरूला कप दिला. महाराष्ट्रात फुटबॉल आहेच कुठे म्हणे.

आणि २०१८ पण ऐका. १ जूनला भारताने तैवानला ५-० हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, बघायला अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या. मी तोपर्यंत नुसता टीव्हीवर प्रीमियर लीग बघणारा. ४ जूनला ऑफिसमधून खोटं बोलून निघालो, केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, पाऊस असा की मैदानात बॉल थांबत होता, बूट भरले, मोबाइल मेला. ३-० जिंकलो, दोन छेत्रीचे. बाजूचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला आणि दोघंही रडत होतो. ३१ वर्षांचा होतो मी. हिरो काय फक्त पोरांनाच लागतात का?

मंगळवारपेठकर

फातोर्डेकर, "फुटबॉल आहेच कुठे" हे तुम्ही कोल्हापुरात येऊन म्हणून दाखवा. शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम) आणि शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की दुपारी बारापासनं जागा धरायला लागते. वर्ल्डकपला चौकाचौकात अर्जेंटिना ब्राझीलचे झेंडे, कटआऊट. आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला.

फातोर्डेकर

अनिकेत चांगला खेळाडू, मान्य. पण तो घडला कुठे? पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. कोल्हापुरात राहिला असता तर पेठेच्या मॅचमध्ये पाय मोडून बसला असता. तुमच्या गॅलरीतून दगड येतात, मॅच अर्ध्यात थांबतात, हे मी नाही म्हणत, तुमचेच पेपर म्हणतात. आणि मोठ्या मॅचला बाहेरून आफ्रिकन खेळाडू आणायचे आणि पेठेच्या पोराला बेंचवर बसवायचं. मग त्या पोराने हिरो म्हणून कोणाला बघायचं?

मंगळवारपेठकर

दगडाचं खरं आहे आणि ते वाचून मला तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटते, कारण त्या गॅलरीत माझा भाचा बसलेला असतो. पण बाहेरनं आलेल्या खेळाडूंवर नको घसरायला. आमच्या गल्लीत एक नायजेरियन पोरगा एक सीझन भाड्यानं राहिला. सकाळी सहाला एकटा पळायचा, त्याला बघून आमची नऊ पोरं पळायला लागली. कांदाभजी खायचा, मावशीला "आई" म्हणायचा. मोजले तर त्याचे गोल चार. पोरं अजून त्याचा फोटो ठेवून आहेत. हिरो गावचाच असावा असं कुठंय? खरं दुखणं वेगळंच आहे. पेठेचं पोरगं पंचविशीला गुडघा फुटून घरी बसतं, लिगामेंटच्या ऑपरेशनला वर्गणी काढायला लागते, आणि नोकरी कोण देत नाही. माझ्या त्या गोलकीपरचा उजवा खांदा आज वर होत नाही. ज्यांनी डोक्यावर घेऊन नाचवला त्यातलं एक माणूस दवाखान्यात आलं नाही. ह्यावर बोला.

अंधेरी_लोकल

हे मात्र देशभर आहे. २०२५ मध्ये आयएसएल लीगच लटकली, क्लबांनी पगार थांबवले, तिथे पेठेच्या पोराला कोण विचारतो.

चिंचवडची_अनघा

पन्नास प्रतिक्रिया झाल्या. मेस्सी, रोनाल्डो, भेके, ब्रायसन, गोलकीपर. एकाही भावाला, काकाला एक मुलगी आठवू नये? माझी लेक बारा वर्षांची, स्ट्रायकर. शाळेत फुटबॉलच्या तासाला मुलांना मैदान आणि मुलींना कडेला लंगडी. मी भांडले तर सर म्हणाले, मॅडम, मुलींमध्ये कोण खेळतं. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवलं आणि पात्रता सामने खेळून पहिल्यांदा एशियन कपला गेल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. लेकीने संगीताचं पोस्टर मागितलं. आख्ख्या चिंचवडमध्ये, पुण्यात, ऑनलाइन कुठेच नाही. शेवटी पेपरातला एवढासा फोटो झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला, चेहरा सगळा ठिपक्या ठिपक्यांचा आलाय. तोच लावलाय पलंगाच्या डोक्याशी. तुमच्या मुलांच्या भिंतीवरून पोस्टर काढायचं की ठेवायचं याची चर्चा तरी होते.

सदाशिव_काका

अनघाताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याही डोक्यात एकसुद्धा नाव आलं नाही.

मँचेस्टरची_सून

काकांना एक सांगते, पैसे मिळाले म्हणजे सगळे बिघडतात असं नाही. इथे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने सरकारला पत्र लिहिलं, सुट्टीत गरीब मुलांच्या जेवणाचं काय. तो स्वतः शाळेतल्या फुकट जेवणावर वाढलेला. बावीस वर्षांचा मुलगा, आणि सरकारने दोन दिवसांत निर्णय फिरवला, तेरा लाख मुलांचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी युरोच्या फायनलला त्याची पेनल्टी हुकली, तर विदिंग्टनमधल्या त्याच्या भिंतीवरच्या चित्रावर कोणीतरी घाण लिहिलं. मी मुलाला घेऊन गेले तेव्हा ती घाण कागदांनी झाकलेली होती, बदामाचे कागद, वहीची पानं, पोरांच्या अक्षरातली. माझ्या मुलाने तिथेच माझ्या पर्समधल्या किराणाच्या बिलाच्या मागे लिहिलं आणि चिकटवलं. मराठीत लिहिलं, "सॉरी, पुढच्या वेळी जाईल".

सदाशिव_काका

रॅशफर्ड मान्य. डावखुऱ्याची इंजेक्शनं मान्य. करचुकवेगिरी माफ नाही. अकादमीचे ४८ हजार पण नाही.

पोस्ट_माझीच

ती पोस्ट माझी. इतके दिवस वाचत होतो, लिहायचं नव्हतं. काही जणांनी खासगीत मला जे लिहिलंय ते बरं नाही, मी पोराचा वैरी नाही. पोरगा रात्री दोन वाजता उठून मॅच बघतो, सकाळी बसमध्ये झोपतो, बाप म्हणून मी काय करायचं होतं?

काल त्याला नागपूरच्या मुलाने लिहिलेलं वाचून दाखवलं. मेस्सीच्या इंजेक्शनचं त्याला आधीच माहीत होतं. सुई केवढी होती ते त्याने बोटांनी दाखवलं. मी विचारलं, मला कधी सांगितलं नाहीस? म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत. पोस्टरं अजून माळ्यावरच आहेत. चाचणी बारा तारखेला आहे, तोवर तिथेच राहतील. एक मात्र काल खाली काढलं, कोपरा फाटला होता, मी चिकटवून ठेवलंय.

मंगळवारपेठकर

बारा तारखेनंतरच्या रविवारी शाहू स्टेडियमला मॅच आहे दादा. पोराला घेऊन या, जागा मी धरतो. फातोर्डेकर, तुम्ही पण या, दगडाचं मी बघतो. आणि अनघाताई, लेकीला आणा. त्या गोलकीपरकडं सकाळी आमच्या पेठेतल्या सहा मुली प्रॅक्टिसला येतात, खांदा वर होत नाही तरी बॉल टाकतो त्यांना, डाव्या हातानं.