बाळंतपणात तुमचं कोणी ऐकलं का? (अनुभव लिहा)

शेवंती_७९

काल भाची आली होती, आठवा लागलाय. जेवणं झाल्यावर पर्समधून घडी घातलेला कागद काढला, "मावशी, वाच आणि काही राहिलंय का सांग." वर लिहिलेलं, 'डॉक्टरांशी बोलायचे मुद्दे'. कळा असताना फिरू द्यावं. आई किंवा नवरा, कोणीतरी एक सोबत हवं. आतून तपासण्याआधी सांगावं. बाळ बाहेर येताना खाली कट गरज असेल तरच, तोही विचारून. बाळ आधी छातीवर द्यावं, वजन मागाहून करावं. अशी पाच-सहा कलमं. आमच्या आईने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "बाळंतपणाला चालली आहेस की हॉल बुक करायला?" सगळे हसलो. मीही हसले. मग रात्री झोप येईना.

माझं २००८ चं. शिकाऊ डॉक्टर असलेलं मोठं हॉस्पिटल, नाव नको. लेबर रूममध्ये पायाकडच्या भिंतीवर कालनिर्णय होतं, पान मागच्याच महिन्याचं. कळ आली की मी संकष्टीच्या चौकटीतली चंद्रोदयाची वेळ वाचायचे, कळ ओसरेपर्यंत तीच तीच. सकाळपासून पाच जणांनी आतून तपासलं. पाचव्याने माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही, मागच्या मुलाला म्हणाला, "तू पण बघून घे." मला कुशीवर बरं वाटत होतं, पण सिस्टर दर वेळी येऊन उताणी करून जायच्या. शेवटी शेवटी म्हटलं, मला जोर येतोय हो. तर "अजून वेळ आहे, ओरडू नको." वीस मिनिटांत लेक बाहेर. सिस्टरचा एकाच हातात ग्लोव्ह चढला होता तोवर.

लेक छान आहे, आता कॉलेजात जाते. तक्रार करायला धागा काढला नाहीये. पण त्या दिवशी मला काय हवंय हे मी आधी कोणाला सांगितलंच नव्हतं, हे काल तो कागद वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं. तुम्ही सांगितलं होतं का? कोणाला? ऐकलं का? भाचीला वाचायला देणार आहे, त्यामुळे फार घाबरवू नका.

मोरपंखी

भाचीला शाबासकी सांग! आईचा हॉल बुकिंगचा डायलॉग भारी. कुकर लावून येते, मग सविस्तर.

तांबडा_पांढरा

आमच्याकडं असलं काही विचारायची पद्धतच नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे. त्यामुळं सगळं बोलणं वडील आणि डॉक्टर यांच्यात. मी तिथं बसलेली, पोट माझं, आणि डॉक्टर वडिलांना विचारत्यात, "हिला भूक लागते का?" वडील म्हणाले "लागते"!!

नुसता_बघ्या

हाहाहा, "लागते"

मोरपंखी

आले. तर माझं थेट बेंगळुरूचं. नवऱ्याची नोकरी तिथे, आईला व्हिसा नको काही नको तरी ती पोचलीच नाही कारण मी १२ दिवस आधीच. सिस्टरना हिंदी जेमतेम, मला कानडीत 'बस स्टॉप यल्ली' एवढंच. त्या यायच्या आणि विचारायच्या, "स्वल्प नोवु? ज्यास्ती नोवु?" मी म्हणे ज्यास्ती ज्यास्ती ज्यास्ती. त्या हसून जायच्या. मला सांगायचं होतं की कंबरेत दुखतंय, पोटात नाही, कंबर दाबून द्या. 'दुखणं' तरी नोवु म्हणून कळलं, कंबर कशी सांगू? हाताने दाखवलं तर त्यांना वाटलं बाथरूमला जायचंय. तीनदा बाथरूमला नेऊन आणलं :) चौथ्या वेळी सफाईवाली मावशी, हुबळीकडची, मराठी येत होतं तिला, तिने झाडू ठेवला, हात धुतले आणि तासभर कंबर दाबली. तिचं नावही विचारलं नाही गं मी. अजून वाईट वाटतं.

भाचीला सांग, कागद जिथे बाळंत होणार तिथल्या भाषेतपण कर.

शेवंती_७९

मोरपंखी, झाडू ठेवला वाचून डोळे भरले.

थेम्सकाठची_मनी

इंग्लंडातलं लिहिते. इथे सरकारी दवाखान्यात सगळं मिडवाइफच बघते, डॉक्टर अडलं तरच. तिने वही उघडली आणि म्हणाली, बर्थ प्लॅन सांग. मी सवयीने म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, मी म्हणेन तसं माझ्या बाळंतपणात झालं, हे तुझं आहे. दोन भेटी गेल्या मला काहीतरी 'हवंय' असं म्हणायला. लहानपणापासून हॉटेलात पण "मला काहीही चालेल" म्हणणारी मी.

प्रत्यक्षात प्लॅनमधलं काहीही झालं नाही. पाण्याच्या टबात उतरायचं होतं, झालं सिझेरियन. पण प्रत्येक वळणावर सांगितलं, आता असं दिसतंय, म्हणून हे करायचं म्हणतोय, चालेल का. दोनदा मी "पाच मिनिटं द्या" म्हटलं, दिली. त्यामुळे सिझरचं मनाला लागलं नाही.

सगळं छान नाही हं. नंतर वॉर्डात बटण दाबून दाबून थकले, रात्री कोणी येईना. आणि बाळ झाल्यावर खायला काय? गार टोस्ट आणि चहा. आई फोनवर किंचाळली, "बाळंतिणीला पाव?!"

आजीचा_फडताळ

पाव?? अगं शिरा तरी. डिंकाचे लाडू नेले होतेस का?

थेम्सकाठची_मनी

काकू, डिंक कस्टमच्या भीतीने आईने पाठवला नाही, दगड समजतील म्हणे.

पेठकर_सिंगल

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मला आत घेतलं नाही. बाहेर दर अर्ध्या तासाने एक सिस्टर दार किलकिलं करून हाक मारायची, मी धावत जायचो, तर हातात चिठ्ठी, हे इंजेक्शन आणा, ते ग्लोव्हज आणा. आणि सह्या. किती सह्या केल्या देवाला ठाऊक, तेवढ्या बँकेच्या कर्जाला पण नाही केल्या. एकही वाचली नाही.

डिस्चार्ज कार्डावर बायकोने वाचलं, तांबी (कॉपर टी) बसवली आहे. तिला माहीत नव्हतं. माझ्याकडे वळून विचारलं, "तू सही केलीस?" केली असेन. मी हो म्हणालो. सहा आठवडे नीट बोलली नाही माझ्याशी, आणि बरोबर होतं तिचं.

रातपाळी_सिस्टर

वरच्या भाऊंसाठी: तांबीला संमती बाईची लागते, नवऱ्याची सही पुरत नाही. आणि ती विचारायची वेळ कळा चालू असताना नाही, गरोदरपणातल्या तपासणीतच बोलायचं असतं. काढून हवी असेल तर तिने सांगितलं की काढून मिळाली पाहिजे. केसपेपरची प्रतही मागता येते, लेखी अर्ज केला की ७२ तासांत द्यायची असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे.

मी सरकारी रुग्णालयात लेबर रूमला आहे, १४ वर्षं. शेवंतीताई, तुमचं वाचून लाज वाटली, कारण "ओरडू नको" मी पण म्हटलंय. रात्री दोघीजणी आम्ही, टेबलं तीन, चौथी बाई बाकावर, पाचवी १०८ मधून उतरतेय. अशा वेळी तोंडातून चांगलं निघत नाही. कारण सांगतेय, समर्थन नाही.

आता काय बदललंय ते सांगते. २०१६ पासून केंद्राने सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवायला मान्यता दिलीय, शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी घरची बाई. २०१७ च्या शेवटी लेबर रूम सुधारायचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात तर पडदा, सोबत, हिडीसफिडीस न करणं हे सगळं तपासतात. तरी प्रत्येक ठिकाणी आत घेतातच असं नाही. म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदरपणातल्या तपासणीला याल तेव्हाच विचारा, "माझ्यासोबत आई असेल, चालेल ना?" आणि कार्डावर लिहून घ्या. आशाताई सोबत असेल तर तिला बोलू द्या, तिचं आम्ही ऐकतो कारण ती नंतर पण भेटते, हाहा. सोबतीण असली की मला मदतच होते. पाणी पाजते, पाठ चोळते, आणि बाई म्हणाली जोर येतोय तर पळत येऊन मला ओढून नेते. तेच तर हवं असतं.

डबल ड्युटी करून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नुसता_बघ्या

सिस्टर, तुम्हाला साष्टांग.

तांबडा_पांढरा

जाता जाता, सिस्टर, त्या मावशी लोकांचं पेढ्याचं काय? मुलगा झाला तर ५००, मुलगी झाली तर "असू दे, लक्ष्मी आली, ३०० द्या". माझ्या जावेला हाच भाव सांगितला. लेकीला डिस्काउंट!

रातपाळी_सिस्टर

सरकारीत एक रुपया द्यायचा नाही. जननी-शिशू सुरक्षा २०११ पासून आहे, सिझर झालं तरी औषध, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं फुकट. पेढे स्वतःहून वाटा, आम्ही खातो.

स्टेथो_आणि_शेवया

मी गायनॅक, खासगी प्रॅक्टिस. बराच वेळ वाचतेय, राहवलं नाही. दर वेळी डॉक्टर खलनायक का? माझ्याकडे कागद घेऊन येतात त्या मुली मला आवडतात, खरंच. पण ३८ व्या आठवड्यात नको, २८-३० ला आणा. म्हणजे मी सांगू शकते की आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ बाहेरून येतो, त्यामुळे वेदनारहित प्रसूती हवी असेल तर दुसरीकडे नाव घाला. कागदावर 'होऊ नये' कमी आणि 'झालं तर काय' जास्त लिहा. सिझर लागलं तर बाळ कोणाकडे द्यायचं, असं.

दुसरं, लवकर भरती होऊ नका. डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या शिफारशींत खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा गर्भाशयाचं तोंड ५ सेंमी उघडल्यापासून धरलाय. २ सेंमीला येऊन पलंगावर पडलात की सगळ्यांची घालमेल सुरू होते, तुमच्या सासूबाईंची सगळ्यात जास्त. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ कमी हलतंय असं वाटलं, तर मात्र तडक या. सरसकट कट, शेव्हिंग, एनिमा यांची शिफारस त्यात नाही.

पेठकर_सिंगल

डॉक्टर, पण खासगीत सिझेरियन ४७ टक्के हे कसं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१. देशाचा एकूण आकडा २१.५.

स्टेथो_आणि_शेवया

आकडा बरोबर आहे आणि आमच्या क्षेत्राने मान खाली घालावी असाच आहे. पण मागच्या महिन्यात एक कुटुंब गुरुजींनी काढलेली वेळ घेऊन आलं, सकाळी ७.४२ ते ७.५८. मी नाही म्हटलं. ते शेजारच्या गल्लीत गेले. आणि मुलीला मी विचारलं, तुला काय हवंय, तर ती सासूकडे बघायला लागली. तिथे मी कोणाचं ऐकायचं?

आजीचा_फडताळ

७.४२! गाडी पकडायची आहे का.

अबोली_रान

लिहू की नको करत होते. माझं ३६ व्या आठवड्यात गेलं. कळा देऊनच बाळंत व्हावं लागलं. घरच्यांनी बाहेरच ठरवलं होतं, हिला दाखवायचं नाही, त्रास होईल. मला कोणी विचारलं नाही. मी पण मोठ्याने काही म्हणाले नाही, फक्त "बघू द्या" असं पुटपुटले असेन. रात्रीच्या सिस्टरनी ऐकलं. घरचे चहाला गेले तेव्हा घेऊन आल्या, माझ्याच बॅगेतल्या दुपट्यात, मी विणलेलं टोपडं घालून. दहा मिनिटं. नखं वाढली होती त्याची, बोट माझ्या बोटावर ठेवलं तर लागली.

नऊ वर्षं झाली. ती दहा मिनिटं नसती तर मी काय केलं असतं, माहीत नाही. भाचीला हे वाचायला देऊ नकोस.

रातपाळी_सिस्टर

अबोली, ❤

शेवंती_७९

नाही देणार. तुझा भाग माझ्यापाशी राहील.

मोरपंखी

काय लिहू सुचेना. टोपडं कोणत्या रंगाचं होतं, सांगावंसं वाटलं तर सांग.

अबोली_रान

पिवळं. कडेला हिरवी वेल.

आजीचा_फडताळ

माझ्या आईची सातही बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. विचारलं तिला एकदा, तुझं कोण ऐकत होतं गं? म्हणाली, सुईण ऐकायची. पाय दाबत सासूची गाऱ्हाणी ऐकायची रात्रभर. बाळामागून वार पडेपर्यंत सासूच्या सगळ्या चुगल्या सांगून व्हायच्या. पण सातातली दोन पहिल्या महिन्यात गेली, हे पण खरं. जुनं ते सगळं सोनं म्हणवत नाही.

बरं, त्या थेम्सकाठच्या मुलीसाठी, पुढच्या वेळी अळीव ने, डिंक राहू दे. अळीव दगडासारखा दिसत नाही.

थेम्सकाठची_मनी

पुढची वेळ नाही हो काकू! पण अळिवाचे लाडू मला असेच आवडतात. माझे नेहमी फुटतात.

शेवंती_७९

सकाळी भाचीशी बोलले. कागद डॉक्टरांना दाखवून आली. धागा वाचून वाढवलेल्या दोन मुद्द्यांवर त्या "नाही जमणार" म्हणाल्या, टब आणि रात्रीची भूल. बाकी फाइलला लावला. नवऱ्याला आत घेत नाहीत, बाई एक चालेल. आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, रक्त बघून चक्कर येते. म्हणून माझं नाव लिहिलंय. मोरपंखी, कंबर कुठे दाबायची ते मला लिही. भिंतीवर कालनिर्णय असलं तर आधी पान उलटणार आहे मी.

मोरपंखी

माकडहाडाच्या थोडं वर, तळहाताने, कळ आली की दाब आणि ओसरली की सोड. तीच सांगेल गं, अजून जोरात की बास.

आजीचा_फडताळ

मनी, अळीव नारळाच्या पाण्यात भिजव, साध्या नाही. चांगले दोन-तीन तास. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर हलवत राहा, कडेने सुटायला लागलं की उतरव. तू घाईने वळतेस म्हणून फुटतात. आणि जायफळ घाल.