नाव जॅझ महोत्सवाचं आणि जॅझला पंधरा मिनिटं?

टिळकवाडीकर

बेळगावात दोन संध्याकाळींचा छोटा जॅझ महोत्सव करायचा, असं आम्हा सहा-सात जणांच्या मनात आहे. सभागृहाची चौकशी झाली, पैशांची जमवाजमव चालू आहे. गाडी अडलीय ती कोणाला बोलवायचं यावर. निम्म्यांचं म्हणणं, फ्यूजन (म्हणजे दोन संगीतांची मिसळ), रॉक, सूफी, जमलं तर लावणीसुद्धा ठेवा, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतील. माझं म्हणणं, नावात जॅझ असेल तर जॅझ वाजलं पाहिजे.

हे मी पोळलो म्हणून बोलतोय. मागच्या थंडीत चोर्ला घाट उतरून गोव्यात एका जॅझ महोत्सवाला गेलो होतो. उघड्या मैदानावर तीन संध्याकाळी. पहिल्या दिवशी दोन रॉक बँड. दुसऱ्या दिवशी तबला, सतार, कीबोर्ड आणि मागे नाचणारे रंगीत दिवे. शेवटच्या दिवशी पियानो, उभा बेस आणि ड्रम्स असा तिघांचा संच होता, ज्यांच्यासाठी मी गेलो होतो. त्यांना बसवलं पावणेदहाला. दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम सगळ्यांना ठाऊक, तरी पावणेदहाला.

ड्रमवाल्यानं काठ्या बाजूला ठेवून तारेचे ब्रश घेतले आणि ड्रमच्या चामड्यावर गोल फिरवायला लागला. सुपात तांदूळ पाखडताना येतो ना, तसला आवाज. त्याच्या आत बेस चालत होता, एका मात्रेला एक स्वर, सावकाश. मागच्या स्टॉलवर मिक्सर फिरत होता, म्हणून मी उठून अगदी पुढे, तारेच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. तिसरी रचना अर्ध्यात असताना माईक बंद झाले. तिघे तसेच वाजवत राहिले, विनामाईक, आणि आम्ही वीसेक जण ऐकत राहिलो.

जॅझवाले नेहमी वाजवतात त्या ब्लूज नावाच्या रचनेचं चक्र बारा ‘बार’चं, म्हणजे बारा खंडांचं असतं, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. वादक त्यात फिरतो आणि खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलतील तसे आपले स्वर बदलत जातो. हे कानाला कळायला वेळ लागतो. पानात सगळंच थोडं थोडं वाढलं तर तो वेळ मिळत नाही.

अमेरिकेतला न्यूपोर्टचा महोत्सव १९५४ साली सुरू झाला. १९६९ला गर्दीसाठी रॉक बँड आणले आणि लोक कुंपणं मोडून आत घुसले. १९७१ला पुन्हा तेच झालं, महोत्सव अर्ध्यावर बंद करावा लागला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला हलवला. गर्दी हवीच असेल, तर कुणाची हवी ते आधी ठरवा.

खानापूरचा क्लॅरिनेट

काका, तुमचं पटूलालंय, पण अर्धंच.

माझे मामा गेली तीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवूलालेत. जॅझ सुरू झालं ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, तिथल्या रस्त्यावरच्या पितळी बँडांत. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, मोठा ढोल. मिरवणूक असली तरी तेच वाजवणार, मयत असली तरी तेच. जाताना संथ भजन, पुरून येताना नाचाची चाल. आता आमच्या वरातीचा बँड बघा की. वाद्यं जवळपास तीच. मामा वरातीत मूळ चाल दोनदा सरळ वाजवतात, मग तिसऱ्यांदा स्वतःचं काहीतरी घालतात आणि ट्रम्पेटवाला त्यांना उत्तर देतो. कागदावर काही नसतं. त्याला तुम्ही काय म्हणणार?

तुमच्या यादीत पुण्या-मुंबईचे संच असतील. आमच्या बँडातल्या चौघांना दारात स्वागताला उभं करतील, आणि रंगमंचावर? तिथं बोलावणार असाल तर सांगा.

निपाणीकर

मी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो आणि टिळकवाडीकरांच्या बाजूनं आहे. कारण तांत्रिक आहे.

जॅझची जी खास लय, स्विंग, तिच्यात मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण तिनातले दोन आणि एक. झांजेवर टिंग, टिंग-क-टिंग असं चालतं, ती डुलणारी चाल म्हणजे या संगीताचा श्वास आहे. बहुतेक फ्यूजनमध्ये काय होतं? तबलजी सरळ केरवा धरतो, ड्रमवाला त्याच्याबरोबर सरळ होतो आणि स्विंग तिथेच मरतो. मग वर सॅक्सोफोन असला काय नि बासरी असली काय, ऐकू येतं ते गाण्याच्या मधलं म्युझिक. मी स्वतः असं वाजवलंय. दोन तालमी, एक ठरलेला सवाल-जवाब, शेवटी जोरात तिहाई, टाळ्या. पैसे मिळाले, पण घरी येताना चुकल्यासारखं वाटत होतं.

मिसळायला माझी हरकत नाही. ‘शक्ती’ घ्या. गिटारवाले जॉन मॅक्लॉफलिन, एल. शंकर, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम, १९७५च्या सुमाराचा संच. मॅक्लॉफलिन त्याआधी वीणा शिकले होते. तेवढी तयारी असेल त्यांना जरूर बोलवा. पण वर्षाला असे किती संच मिळतात?

कॅम्पातली

टिळकवाडीकर सर, न्यूपोर्टची तुम्ही एकच बाजू सांगितलीत. १९५८ साली त्याच महोत्सवात महालिया जॅक्सन चर्चची भक्तिगीतं गायल्या होत्या आणि चक बेरीनं रॉक अँड रोल वाजवलं होतं. तेव्हा काही कोसळलं नाही. कुंपणं मोडली ती गर्दी आवरता आली नाही म्हणून. त्याचा दोष संगीतावर कशाला?

आमचं घर मूळ गोव्याचं. आजोबा मुंबईत ट्रम्पेट वाजवायचे. दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात जॅझ, रविवारी चर्च. ट्रम्पेट एकच, ओठ तेच. नोटेशन वाचायला ते गावच्या चर्चच्या शाळेत शिकले, त्यांच्या पिढीतले पुष्कळ गोवेकर असेच शिकले होते. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, तेही ट्रम्पेटवालेच. हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही तेच. या माणसांनी शुद्ध जॅझच वाजवीन असं म्हटलं असतं, तर त्यांची चूल पेटली नसती आणि आपल्या कानावर स्विंग कधी पडलाच नसता. सर, तुम्ही पहिल्यांदा स्विंग ऐकलात तो रेडिओवर, एखाद्या हिंदी गाण्यातच ना?

आजोबांच्या ट्रम्पेटचं तोंड अजून माझ्याकडे आहे. आतून चांदीचा मुलामा पार झिजून पितळ दिसतं. त्यातली किती झीज जॅझची नि किती वरातीच्या गाण्यांची, हे कोण वेगळं करणार?

शहापूरची पेटी

मी पेटी शिकते, म्हणून पेटीचंच सांगते. हे वाद्य युरोपातून आलं. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं त्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. ती बंदी चालू असतानाच आपल्या बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, शिकवत होते. आज त्यांच्या शिष्यांची पेटी ऐकताना हे वाद्य बाहेरचं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. ‘हे आपल्यात बसत नाही’ असं म्हणणारे तेव्हाही जाणकारच होते, आणि त्यांचे आक्षेप खरेही होते. तरीही ते चुकले.

आणखी एक. कद्री गोपालनाथ आपल्याच राज्यातले, मंगळूरकडचे. लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवायला वर्षानुवर्षं घालवली. १९८० साली मुंबईच्या जॅझ महोत्सवात जॉन हँडी या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्यानं त्यांना ऐकलं आणि दोघे एकत्र वाजवायला बसले. टिळकवाडीकरांचा नियम त्या दिवशी दारावर लावला असता तर कद्री आत आलेच नसते.

कडोलीकर

कोण वाजवणार ते तुम्ही ठरवा. फलक आणि पत्रिका कन्नडबरोबर मराठीतही असू द्या, एवढंच मागणं. सुरांना भाषा नसते, पण आमच्या म्हाताऱ्यांना पत्रिका वाचता आली तर ते येतील.

टिळकवाडीकर

कडोलीकर, दोन्ही भाषांत असेल. यावर आमच्यात वाद नाही.

ताई, कद्रींचं उदाहरण मी विसरलो होतो. त्या जागी मी असतो तर त्यांना बोलावलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुधा नाही. हे मला टोचतंय. पण तुमच्याच उदाहरणात माझाही मुद्दा आहे: वर्षानुवर्षं. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व घ्या. माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी राग उभे केले, पण त्याआधी क्षयानं अंथरुणाला खिळून, गाणं बंद, अशी पाच-सहा वर्षं काढली आणि त्या काळात त्या धुना कानात मुरवल्या. माझा विरोध आहे तो दोन तालमींच्या मिसळीला. निपाणीकरांनी तो माझ्यापेक्षा नेमका मांडलाय.

कॅम्पातल्या बाई, होय, हिंदी गाण्यातच ऐकला, वडिलांच्या रेडिओवर. तरीही आजोबांबद्दल एक विचारतो. रात्री हॉटेलातला दोन-तीन तासांचा वेळ त्यांना जॅझसाठी मिळायचा ना? तो नसता तर दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये स्विंग कुठून आला असता? मी तोच वेळ मागतोय. दोन्ही दिवशी सात ते साडेआठ फक्त जॅझ, बंद सभागृहात, खाण्याचे स्टॉल बाहेर. तेव्हाच, उतरत्या कार्यक्रमाला नाही. त्याच्या आधी काय वाजवायचं यावर मी अडून बसणार नाही.

कॅम्पातली

आजोबा सांगायचे, रात्री अकरानंतर गिऱ्हाईक पातळ झालं की मॅनेजर घरी जायचा आणि मग ते आपल्या मनासारखं वाजवायचे. तेव्हा तुमचं म्हणणं मान्य, सर. पण ‘आधी’ म्हणजे हॉल भरेपर्यंतचं नको. त्यांनाही तेच दिवे, तोच साउंड, तेवढीच तालीम द्या.

निपाणीकर

तालमीला ड्रम्स हवे असतील तर माझा सेट घेऊन येतो. ब्रश आहेत, वापरायला मिळत नाहीत.

टिळकवाडीकर

आणाच. खानापूरकर, मामा आणि त्यांचे तिघे रंगमंचावर, पहिल्या दिवशी सहा वाजता, पाऊण तास. वरातीत वाजवतात तेच वाजवू दे, फक्त तिसऱ्यांदा स्वतःचं घालतात ना, तो भाग जितका लांबवायचा तितका लांबवू दे. नंतर साडेसातच्या सुमारास एका ब्लूजमध्ये क्लॅरिनेटला जागा ठेवतो, पण त्यासाठी मुंबईच्या संचाबरोबर निदान चार दिवस बसायला लागेल. मामांना जमेल का?

खानापूरचा क्लॅरिनेट

मामांना आत्ता वाचून दाखवलं. अठ्ठेचाळीस मात्रा म्हणजे तीन तीनताल, असं बोटांवर मोजूलालेत. तारीख तेवढी तुळशीच्या लग्नाआधीची धरा. त्यानंतर सुपाऱ्या सुरू होतात आणि मग ते कुणालाच सापडत नाहीत.