मदत हवी आहे: इंग्रजीतलं 'ओ' (स्पेलिंग ओ-डब्ल्यू-ई) नक्की कुणाच्या बाजूने वाचायचं?

नमस्कार मंडळी, भावाचं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे, हिशेबाचं मी बघते. आत्तापर्यंत सगळ्या पार्ट्या इथल्याच, त्यामुळे व्हॉट्सॅपवर "दादा बाकीचं बघा ना जरा" एवढ्यावर काम भागायचं. आता दुबईची एक पार्टी मिळालीय आणि त्यांचा मेल आलाय, "प्लीज कन्फर्म द अमाउंट वी ओ यू". म्हणजे त्यांनी आम्हाला द्यायचेत ना? की आमच्याकडून काही निघतंय असं म्हणतायत? आमचे ४२,००० रुपये यायचेत. डिक्शनरीत 'देणे लागणे, ऋणी असणे' असं दिलंय, पण मग स्प्लिटवाईजमध्ये (खर्च वाटून घ्यायचं ॲप) 'यू आर ओड' येतं ते काय? आणि मला आमच्या बाजूने उत्तर लिहायचंय तर 'वी ओ' म्हणायचं की 'यू ओ'? हेच क्रियापद आभार मानतानाही वापरतात म्हणे, तेही कुणी सांगा. घाई आहे थोडी.

प्रतिसाद
ताई, त्यांनीच द्यायचेत, निवांत राहा. घोळ होतो कारण आपण मराठीत पैशाकडून बोलतो, "माझे त्याच्याकडे दोनशे निघतात", "तुमचं येणं आहे", इथे वाक्य पैसेच चालवतात, माणूस बाजूला उभा. इंग्रजीत 'ओ'च्या आधी जो येतो तो देणारा, बस. 'आय ओ हिम फाइव्ह हंड्रेड' म्हणजे मी त्याचे पाचशे देणं लागतो. 'वी ओ यू' मध्ये 'वी' आधी आहे, म्हणजे देणारे दुबईवाले. आणि 'यू आर ओड' हे उलटं, तुम्हाला येणं आहे, स्प्लिटवाईज ते हिरव्या रंगात दाखवतं आणि 'यू ओ' केशरीत, रंग बघितला तरी कळतं. शाळेतले ऋणको-धनको आठवतात का, 'ओ'च्या आधीचा तो ऋणको.

एक अजून, 'आय ॲम ओइंग यू' असं लिहू नका, आपल्याकडे प्रत्येक क्रियापदाला 'इंग' लावायची हौस फार. देणं ही चालू क्रिया नाही, स्थिती आहे, त्यामुळे साधं 'आय ओ यू' च. 'द अमाउंट ओइंग' मात्र चालतं, कारण तिथे ते विशेषण झालंय. आणि उच्चार 'ओ', 'ओवे' नाही. 'ओन' म्हणजे मालकीचं असणं, ते वेगळं.

प्रतिसाद
वरच्यांनी पैशाचं सांगितलंच, आभाराचं मी सांगतो. 'आय ओ माय सक्सेस टू माय पेरेंट्स', इथे पैशाचा संबंध नाही, यशाचं श्रेय आईवडिलांचं. आपल्याकडे पितृऋण म्हणतात त्याच्या जवळपास, फक्त आपलं ऋण फेडायचं असतं आणि इंग्रजीत नुसतं मान्य केलं तरी चालतं :) या अर्थाने 'टू' लागतो, तो गाळू नका. 'आय ओ यू वन' म्हणजे तू आज माझं काम केलंस, कधीतरी मी तुझं करीन. 'यू ओ मी ॲन एक्स्प्लनेशन' कुणी म्हणालं तर मात्र समोरचा तापलाय असं समजा, खुलासा द्यायलाच हवा असा सूर असतो त्यात. आणि 'ओइंग टू हेवी रेन' मध्ये देणंघेणं काहीच नाही, 'जोरदार पावसामुळे' एवढंच.

प्रतिसाद
थोडं अवांतर. जुन्या इंग्रजीत याचं मूळ क्रियापद 'जवळ असणे, मालकीचं असणे' या अर्थाचं होतं. 'ओन' त्याच घरातलं, आणि 'ऑट' (ऑट टू वालं, म्हणजे 'पाहिजे') हे तर 'ओ'चंच जुनं भूतकाळी रूप. आता भूतकाळाला 'ओड' वापरतात. मालकीवरून कर्जावर आलं हे भारीच आहे.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! असं लिहिते आहे, बघा: "यू ओ अस रुपीज ४२,०००. काइंडली पे." चालेल?

प्रतिसाद
व्याकरण बरोबर, पण वसुलीवाल्या पठाणासारखं वाटतंय :) धंद्याच्या मेलमध्ये थेट 'यू ओ अस' फारसं लिहीत नाहीत. "द आउटस्टँडिंग अमाउंट ॲज पर इन्व्हॉइस इज रुपीज ४२,०००" लिहा, इन्व्हॉइसचा नंबर आणि तारीख टाका, खाली बँक डिटेल्स. आणि परदेशातून येणार आहेत तर बँकेकडून स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) घेऊन ठेवा, नाहीतर पुढचा मेल त्यासाठीच येईल.