गाडीत सगळं एकत्रच पडणार असेल तर ओला-सुका वेगळा का करायचा?

मानेवाडा_सचिव: 24 फ्लॅटची स्कीम आहे. लोक कचरा वेगळा करायला तयार आहेत, पण विचारतात की कचरागाडीत तो पुन्हा एकत्र होत असेल तर काय उपयोग? याचा पाठपुरावा कुठे करायचा?

वजनकाटा: आधी कराराकडे बघा. कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळत असतील तर वेगळा सुका कचरा त्याला परवडत नाही. पुठ्ठा-प्लास्टिकने गाडी भरते, पण काट्यावर वजन भरत नाही. ओल्यात मिसळलं, वर माती पडली, की वजन वाढतं. दंडाची अट कागदावर असली तरी काट्यावर गाडी उघडून बघणारा माणूस नसेल तर ती अट कोण पाळणार? त्यात 2022 च्या मार्चपासून काही वर्षं नागपूर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. वॉर्डातून जाब विचारणारं कोणी नव्हतं.

झोन ऑफिसात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "कचरा का उचलत नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: वर्गीकरणाची करारातली अट, मागच्या सहा महिन्यांत लावलेला दंड, वजनकाट्याच्या नोंदीत ओल्या-सुक्याचे वेगळे रकाने आहेत का. रकानेच नसतील तर ओला-सुका वेगळा ठेवायला गाडीत लावलेला पडदा फक्त शोभेचा.

मानेवाडा_सचिव: तोवर काय करायचं?

पालापाचोळा: ओला कचरा गाडीत देऊच नका. घरटी अर्धा किलो धरला तर रोज 12 किलो होतो. 200 लिटरचे सहा ड्रम घ्या, बाजूंना दर सहा इंचांवर अर्ध्या इंचाची भोकं पाडा आणि विटांवर ठेवा. ओल्याच्या थराइतकाच सुका पाला टाका, आठवड्यातून दोनदा हलवा. आठवडाभरात एक ड्रम भरतो, दीड महिन्यात खत. वास आला की पाला कमी पडला समजा. मुठीत दाबल्यावर पाणी गळायला नको. मे महिन्यात आपल्याकडे उलटंच होतं, ढीग वाळून कुजणंच थांबतं. ओलं पोतं झाका, पाणी शिंपडा. पाला फाल्गुन-चैत्रातच पोत्यांत भरून ठेवा ना बापा, पावसाळ्यात शोधून मिळत नाही.

वजनकाटा: सुका कबाडीवाल्याला द्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर घेतो, चिप्सची चकचकीत पाकिटं घेत नाही. गाडीत तेवढीच जातील, आणि कागदात गुंडाळलेले डायपर-पॅड वेगळ्या पिशवीत.