मदत हवी आहे: गोबेरच्या बचावातली नेमकी चूक कशी ओळखायची?

बास्केटबॉलमधला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) रूडी गोबेर एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू चारदा ठरला: २०१८, २०१९, २०२१, २०२४. पिक-अँड-रोलवर (सहकारी आडवा उभा राहून चेंडूवाल्याला वाट करून देतो ती चाल) तो ड्रॉपमध्ये, म्हणजे मागे सरकून रिमजवळ थांबतो, हात उंच ठेवतो, मग चेंडूवाल्याला फ्लोटर (लांबूनच उंच तरंगता टाकलेला शॉट) मारावा लागतो. नुसते ब्लॉक मोजून हे कळत नाही. धास्तीने न घेतलेले शॉट आकड्यांत येतच नाहीत.

पण २०२१ च्या प्लेऑफमध्ये गोबेरच्या तेव्हाच्या जॅझ संघाविरुद्ध क्लिपर्सनी पाचही खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे केले. गोबेर आत मदतीला गेला की कोपरा मोकळा! सहाव्या सामन्यात क्लिपर्सच्या टेरेन्स मॅनने ३९ गुण ठोकले. माझ्या मते मूळ दोष जॅझच्या गार्डांचा (चेंडूवाल्याला बाहेर अडवणाऱ्यांचा), ते पहिल्याच ड्रिबलला मागे पडत होते.

व्हिडिओ बघताना गार्ड चकल्याची आणि सेंटर बाहेर यायला उशीर झाल्याची चूक तुम्ही वेगवेगळी कशी नोंदवता? स्विचवरच्या (बचावपटू आपापसात खेळाडू बदलून घेतात त्या) चाली निराळ्या मोजता का?