बी.एड. झालंय, पण पहिली ते पाचवीसाठी चालत नाही

ताई, तुमच्या भाचीचं बी.एस्सी. बी.एड. झालंय आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक, म्हणजे पहिली ते पाचवीचा, द्यावा का, असं विचारलंत. वरच्या एका उत्तरात "बी.एड.वालेही चालतात" असं लिहिलंय, ते आता लागू नाही. २०१८ साली एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने) तशी मुभा दिली होती, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पहिली ते पाचवीला डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) हवंच. कृपया पेपर एकच्या क्लासला पैसे घालू नका.

तिने पेपर दोन द्यावा, सहावी ते आठवीचा. बी.एस्सी. आहे म्हणजे गणित-विज्ञान गट घ्यायचा. १५० पैकी ६० गुण या गटाचे. उरलेले ९० बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे, प्रत्येकी ३०. विज्ञानाची मुलं भाषा गृहीत धरतात आणि तिथेच अडकतात. पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

मात्र टीईटी ही फक्त पात्रता. जिल्हा परिषदेच्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी वेगळी द्यावी लागते, २०० गुणांची, आणि पवित्र पोर्टलवर (राज्य सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर) निवड त्या गुणांवर होते. तिथे पास-नापास नसतं, म्हणून एकेक गुण मोलाचा. नववी-दहावीसाठी तिची आत्ताची पदवी आणि बी.एड. पुरेसं आहे, अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.एस्सी. करावं लागेल.