जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, कागदांवर नावं दोन आहेत, एजंट अडीच लाख मागतोय. परदेशात नर्सचं रजिस्ट्रेशन करायचंय, कुठून सुरू करू?

यावलची सिस्टर:
नमस्कार. मी यावल तालुक्यातली, जीएनएम २०१५ पास. आधी दोन वर्षं भुसावळला एका छोट्या नर्सिंग होमला होते, मग बाळंतपणाची गॅप, आणि आता सहा वर्षं झाली जळगावात खाजगी हॉस्पिटलला आयसीयूमधे आहे. पगार अजून वीस हजाराच्या आतच. मिस्टरांची केळी आहे, पण यंदा वादळात निम्मी बाग आडवी झाली, घड कापायला पंधरा दिवस राहिले होते फक्त. म्हणून मग घरात विषय निघाला की मी बाहेर जावं, पोरीला सासूबाई सांभाळतील, नंतर सगळे येतील.

एका एजंटकडे गेलो. तो म्हणतो युकेला पाठवतो, अडीच लाख भरा, रजिस्ट्रेशन आम्ही काढून देऊ, परीक्षा काय नावालाच असते. ओरिजिनल सर्टिफिकेटं फाईल बनवायची म्हणून ठेवून घेतली, तीन आठवडे झाले, आता फोन केला की साहेब बाहेर आहेत.

दुसरं म्हणजे माझी दहावी, मार्कशीट, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन सगळं माहेरच्या नावावर आणि आधार, पासपोर्ट सासरच्या. मधलं नाव पण बदललं ना, वडिलांचं जाऊन मिस्टरांचं आलं. आणि शिक्षण मराठी मीडियमचं, औषधांची नावं, ऑर्डर सगळं इंग्लिश समजतं पण सलग चार वाक्यं बोलायची म्हटली की घाम फुटतो. वय ३२. जमेल का मला? खरं खरं सांगा.

भुसावळ ते लेस्टर:
ताई, बाकी सगळं राहू द्या, उद्या सकाळी आधी जाऊन ओरिजिनल घेऊन या. एकट्या नका जाऊ, मिस्टरांना आणि अजून कोणाला तरी सोबत न्या. ओरिजिनल कोणत्याच देशाचं काउन्सिल एजंटकडे ठेवायला सांगत नाही.

मी पण जीएनएमच, रेल्वे क्वार्टरमधे वाढलेली. जीएनएमवर इथे युकेत रजिस्ट्रेशन होतं, ती भीती काढून टाका. पण रजिस्ट्रेशन एजंट "काढून" देऊ शकत नाही हो. इथल्या नर्सिंग काउन्सिलचं, म्हणजे एनएमसीचं, अकाउंट आपण आपल्या ईमेलने उघडायचं, फी आपल्या कार्डने भरायची. कागद तपासायचे १४० पाऊंड, सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा ८३, इथे आल्यावर प्रॅक्टिकल म्हणजे ऑस्कीचे ७९४, आणि शेवटी रजिस्ट्रेशनचे १५३. बेरीज करा, १,१७० पाऊंड होतात, आणि ऑस्कीचे पैसे बरेचदा इथलं हॉस्पिटलच भरतं. मग अडीच लाख कशाचे? इथे नोकरी लावून देण्यासाठी नर्सकडून पैसे घेणंच इथल्या सरकारच्या नियमात बसत नाही.

सीबीटी मुंबईला देता येते, मी रात्रीची गाडी धरून गेले आणि दुसऱ्या रात्री परत ड्युटीला. त्यात गणिताचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १००. आयसीयूवाल्याला ड्रिप रेट, डोस काही जड नाही. जड जाते ती भाषा. ओईटी ही इंग्लिशची परीक्षा करा, ती आपल्याच कामावर असते. वाचन, ऐकणं, बोलणं यात बी ग्रेड लागते, लेखनात सी प्लस चालते. दोन वेळचे मार्क १२ महिन्यांच्या आत असतील तर काही अटींवर जोडून पण धरतात.

लेखनात मी पहिल्यांदा आपटले ते सांगते. केस नोट्स देतात आणि पत्र लिहायचं असतं, समजा पेशंट घरी चाललाय आणि कम्युनिटी नर्सला कळवायचंय. मी काय केलं, नोट्समधलं सगळंच उतरवलं, बाईचं दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स पण लिहिलं. समोरच्या नर्सला उद्या ड्रेसिंग कोणतं करायचं ते पाहिजे, अपेंडिक्स नाही. हे कळल्यावर रोज ड्युटी संपली की आपल्याच वॉर्डातल्या एका पेशंटचं नाव-गाव न घालता एक पत्र लिहायचे, साठ एक पत्रं झाली असतील, मग पास झाले.

ऑस्कीला दहा स्टेशनं असतात. मी तिथे पण एकदा फेल झाले. गोळ्या द्यायच्या स्टेशनला पेशंटच्या हातावरचा बँड बघितला, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि ॲलर्जी चार्टवर डोळ्यांनी वाचली पण तोंडाने पेशंटला विचारली नाही. संपलं. आपल्याकडे आपण करतो सगळं पण मनातल्या मनात, इथे बोलून करावं लागतं. ती सवय आजपासून लावा, जळगावच्या वॉर्डात मराठीत बोलून लावली तरी चालेल.

एक खरं सांगते, दोन-तीन वर्षांपूर्वी जशी भरती होती तशी आता नाही, जागा कमी झाल्यात. आणि तो एजंट "आधी केअर असिस्टंट म्हणून जा, मग नर्स होशील" म्हणाला तर तिथूनच उठा, बाहेरून केअर वर्कर आणायचा रस्ता इथल्या सरकारने २२ जुलै २०२५ पासून बंद केलाय.

धुळ्याच्या ट्यूटर मॅडम:
बेटा, नावाचं मी सांगते, कारण तीस वर्षं मुलींना शिकवलं आणि त्यातल्या कितीतरी हुशार मुली इंग्लिशवर नाही, नावावर अडकलेल्या बघितल्या. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही जातं. तिकडे फाईल बघणाऱ्या माणसाला वाटतं या दोन वेगळ्याच बायका आहेत. आणि त्याला आपली पद्धत कळावी असं तरी कसं म्हणायचं.

तुझ्या लग्नाची नोंदणी झालीय का? पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. नसेल तर ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेत ते काम पहिलं. मग नाव बदलाचं राजपत्र, आपण गॅझेट म्हणतो ते, आणि ते दोन्ही जोडून महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलला नाव बदलाचा अर्ज. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच तिथे आलं पाहिजे, स्पेलिंगसकट. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पाटीलमधे एका कागदावर आय होता आणि दुसऱ्यावर डबल ई, तेवढ्यावर पाच महिने गेले तिचे. मार्कशीट जुन्याच नावाच्या राहतील, त्याची काळजी नको, जोडणारा कागद पक्का पाहिजे.

रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू असतं, तुझं चालू आहे ना ते बघ. आणि कॉलेजला जाऊन ट्रान्सक्रिप्टचं आत्ताच विचारून ये, कोणत्या विषयाचे थिअरीचे किती तास, वॉर्डचे किती तास असं लिहिलेलं असतं त्यात. तुझी बॅच जुनी, रजिस्टर शोधायला क्लार्कला वेळ लागतो, गोड बोलून काम होतं.

ब्रदर शिरपूरवाला:
ताई, मी गल्फमधे सात वर्षं काढून आलोय. तिकडे प्रोमेट्रिकच्या, म्हणजे नर्सच्या लायसनच्या कॉम्प्युटर परीक्षेपेक्षा डेटाफ्लो जास्त छळतं. म्हणजे तुम्ही जे कागद दिले ते खरे आहेत का हे ते थेट कॉलेजला, काउन्सिलला, जुन्या हॉस्पिटलला विचारतात. माझ्या पहिल्या हॉस्पिटलमधे मेल बघणारंच कोणी नव्हतं, दोन महिने फाईल पडून राहिली, शेवटी मी भावाला तिथे बसवून उत्तर पाठवायला लावलं. तर तुमच्या भुसावळच्या नर्सिंग होमचं अनुभव पत्र आत्ताच नीट करून घ्या, लेटरहेड, तारखा, वॉर्ड, बेड किती, सही कोणाची, आणि चालू असलेला ईमेल. खोटी वर्षं वाढवू नका, एजंट लोक सांगतात तसं, पकडलं गेलं तर सगळीकडेच बंद.

एजंटचं लायसन ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर बघता येतं. लायसनवाल्याला पण फी ३०,००० आणि वर जीएसटी एवढीच घेता येते. आणि दहावी पास असलो तरी नर्सला सौदी, कुवेत, युएई धरून १८ देशांत जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे बाहेर जायची आपल्या सरकारची परवानगी, लागतो असा नियम २०१५ ला आला, टुरिस्ट व्हिसावर जा मग बघू असं कोणी म्हटलं तर अजिबात नाही भो.

धडगावची जर्मन शिकणारी:
मी पुण्यात जर्मन शिकतेय, भाषेची बी १ लेव्हल झाली, त्यावरची बी २ चालू आहे. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला बी २ लागतं. तिकडचं ऑफिस आपला अभ्यासक्रम आणि त्यांचा ताडून बघतं आणि कमी काय पडतं ते लेखी देतं, मग तिथे जाऊन एक परीक्षा द्यायची नाहीतर हॉस्पिटलमधे काही महिन्यांचं ॲडॅप्टेशन करायचं. तोपर्यंत असिस्टंटचा पगार मिळतो.

भाषेला घाबरू नका एवढंच सांगायला लिहितेय. माझ्या घरी पावरी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्लिश, ही चौथी. क्लासमधे इंग्लिश मीडियमवाल्यांना कळेना की चमच्याला "तो", काट्याला "ती" आणि सुरीला "ते" का म्हणायचं, मला लगेच कळलं, आपल्या मराठीत पण तो ती ते आहेच की. फक्त एक वर्ष तरी धरून चाला, आणि नोकरी सांभाळून रात्री अभ्यास होतो पण नाइट ड्युटीच्या आठवड्यात खरंच होत नाही, ते धरूनच चालायचं.

यावलची सिस्टर:
सगळ्यांचे खूप आभार, रडूच आलं वाचताना. मिस्टर, दीर आणि मी गेलो होतो काल. आधी म्हणे पन्नास हजार प्रोसेसिंगचे द्या मग कागद देतो, दीर म्हणाले पोलीस स्टेशन इथून चालत पाच मिनिटं आहे, मग दिले. थर्ड इयरच्या मार्कशीटला फाईलला लावायला पंचची दोन भोकं पाडलीत त्यांनी, माझ्या नावाच्या बरोबर शेजारी. चालेल ना तशी?

लग्नाची नोंदणी नव्हतीच. सोमवारी मिस्टर ग्रामपंचायतीत जातायत, मी सुट्टी टाकून कॉलेजला. ओईटीचं ठरवलंय, जर्मनचं पण मनात आहे. भुसावळच्या ताई, तुमच्यासारखं पत्र आज लिहिलं पहिलं, बेड नंबर चारच्या आजोबांचं. दोन तास लागले.

भुसावळ ते लेस्टर:
नाव आणि मार्क वाचता येतात ना, मग अर्जाला चालेल, तरी मनाला लागत असेल तर डुप्लिकेटचं सोमवारी कॉलेजमधेच विचारून घ्या. पत्राचा फोटो पाठवा, आजोबांचं नाव झाकून. मी आज रात्रपाळीला आहे, पहाटे ब्रेकमधे बघते.